हळदीचं बोट

"हा डाग कसला?"

हेडमास्तर श्रीपतरावांनी विचारलं आणि प्रार्थनेची अख्खी रांग आपोआप ताठ झाली.

आठवीतल्या निलम्माने मान खाली करून आपल्या नव्या पोलक्याच्या गळ्याकडे पाहिलं. "डाग न्हाई सर. हळद हाय."

"हळद स्वयंपाकघरात असते."

"नव्या कपड्याला लावत्यात की सर. अव्वानं लावलंय."

श्रीपतराव सोलापूरकडून आले होते. निजामाचं राज्य जाऊन शाळेतून उर्दू गेली, परीक्षेच्या दिवशीच्या शेरवान्या गेल्या, तेव्हा त्यांच्या जागी काहीतरी यायला हवं म्हणून त्यांनी पांढरा गणवेश आणला. मुलांना पांढरा सदरा आणि टोपी, मुलींना पांढरा परकर-पोलकं. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला येणार होते. "पांढरा म्हणजे पांढरा," असं श्रीपतराव रोज प्रार्थनेनंतर सांगत. गणवेशात नसलेल्याचं नाव पटावरून काढण्यात येईल, हेही सांगत.

"घरी जा. डाग काढून ये."

निलम्मा घरी गेली. तिची आई सिद्धव्वा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली आपटलं.

"डाग? हळदीला डाग म्हनतंय व्हय त्यो मास्तर? लग्नात अंगभर डाग लावून बसला व्हता का मग?"

"अव्वा, तू गळ्यावर कामून लावलीस? कोपऱ्याला लावायची आसती."

"पोलक्याला कोपरा कुठं आसतंय?" सिद्धव्वाने विचारलं.

लुगड्याला कोपरे असतात, धोतराला असतात. सिद्धव्वाने आयुष्यात जेवढे नवे कपडे हाताळले त्यांना चार-चार कोपरे होते. शिवलेल्या पोलक्याची तिने आधी नीट तपासणी केली होती आणि कोपऱ्याला सर्वांत जवळची जागा म्हणून गळ्याचं टोक निवडलं होतं. शिवाय घरातली पहिली पोरगी आठवीला जात होती, म्हणून बोट जरा दाबून टेकवलं होतं.

पण पोरीची शाळा बुडायला नको होती. निलम्माचा बाप रेवणसिद्धप्पा गुळाचा व्यापारी होता. कडगंची गावात दिलेल्या त्याच्या बहिणीने निलम्मासाठी एक स्थळ सुचवलं होतं. "शाळेतनं एक जरी तक्रार आली ना," तो बायकोला म्हणाला होता, "तर नाव काढतो आन् अक्काला होकार कळवतो." म्हणून सिद्धव्वाने राग गिळला, पोलकं भिजवलं आणि साबण आणि धुण्याचा सोडा घेऊन ते डागावर चांगलं चोळलं.

डाग लाल झाला. हळदीला सोडा भेटला की ती लाल होते. शाळेत रसायनाचा तास असता तर ही गोष्ट वर्गातल्या कुणीही सांगितली असती. पण प्रयोगशाळेच्या खोलीत त्या वर्षी कवायतीच्या काठ्या ठेवल्या होत्या. सिद्धव्वा घाबरली, आणखी सोडा चोळला. बोटभर पिवळ्याचं तळहाताएवढं लाल झालं. दुसरं पोलकं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निलम्मा तेच घालून, गळ्याशी पाटी धरून रांगेत उभी राहिली.

"पाटी खाली घे," श्रीपतराव म्हणाले. तिने घेतली. "काल पिवळा होता."

"व्हय सर."

"आज लाल आहे."

"व्हय सर. धुतलं की."

"धुतलं? अरे वा! मी काढायला सांगितला आणि तू रंगवून आणलास! माझी थट्टा करतेस?"

शिपाई अंबाजी आजवर कुणाच्याही भांडणात सल्ला दिल्याशिवाय राहिलेला नव्हता. तो पुढे आला. "साब, लिंबू पिळून बघू का? आमच्या घरी कशाचाबी डाग लिंबानंच जातंय." श्रीपतरावांनी हो म्हटलं, कारण मुलं हसू लागली होती आणि काहीतरी करणं भाग होतं. अंबाजीने लिंबू आणलं. निलम्माने गळा पुढे केला. लिंबू पिळल्याबरोबर लाल डाग सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला.

"आरं तिच्या!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

श्रीपतरावांच्या कानांच्या पाळ्या त्या कालच्या सोड्यातल्या हळदीसारख्या झाल्या. "बाहेर! अंगणात उभी राहा. उन्हात. हा डाग जाईपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांना दिसू दे! अंबाजी, हिच्या वडिलांना बोलावून आण. त्यांना दाखवतो त्यांच्या मुलीचे रंग."

निलम्मा अंगणात झेंड्याच्या खांबाजवळ उभी राहिली. चैत्राचं ऊन होतं. समोरच्या खिडकीतून तिचा वर्ग दिसत होता. गणिताच्या तासाला कुणालाच उत्तर येईना, तेव्हा तिने बाहेरून सांगितलं. गणिताच्या मास्तरांनी खिडकीपाशी येऊन "बरोबर" म्हटलं आणि हेडमास्तरांच्या खोलीकडे एकदा बघून पुढचं गणित जरा मोठ्याने वाचलं.

अंबाजीने निरोप नेला तो भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "तुमची पोर सारखा रंग बदलायली, मालक. मोठे साब बोलवायलेत."

रेवणसिद्धप्पाला काही कळलं नाही, पण तक्रार आली एवढं कळलं. गुळाची गाडी उतरायची होती, म्हणून त्या दिवशी त्याला जाता आलं नाही. रात्री घरात मात्र तो सगळ्यांना कळेल असा बोलला. "उद्या जातो आन् नावच काढून आनतो. ताप न्हाई डोक्याला."

"काढा," सिद्धव्वा म्हणाली. "पर आधी त्या मास्तराला इचारा, हळदीला डाग कामून म्हनला. मीबी येते. मला बघायचंच हाय."

निलम्माने पोलकं नुसत्या पाण्यात बुचकळून काढलं, सकाळी ओलसर असतानाच अंगात घातलं आणि जाऊन खांबाजवळ उभी राहिली. आज शेवटचा दिवस, म्हणून तिने सगळ्या तासांची उत्तरं बाहेरून दिली.

दुपारी नवरा-बायको शाळेत पोचले. श्रीपतराव त्या दिवशी नव्या कोटात होते. इन्स्पेक्टरसाहेबांसाठी खास शिवलेला, बंद गळ्याचा, पांढरा. बायकोने, राजूबाईंनी, सकाळीच पेटीतून काढून दिला होता आणि अंगाला बसतो का ते बघण्यासाठी ते तो घालून दिवसभर खोलीत ताठ बसून होते.

"मास्तरसाब," रेवणसिद्धप्पा म्हणाला, "दुकान बंद करून आलोय. काय केलं पोरीनं?"

"काय केलं? नियम मोडला! एकदा पिवळा, एकदा लाल, परत पिवळा! या, डोळ्यांनी बघा."

"आन् मला बी सांगा," सिद्धव्वा पदर खोचत म्हणाली, "हळद कवापासनं घाण झाली ते. चला, दाखवा."

तिघं अंगणात आले. मागून अंबाजी आला. खिडक्यांत मुलं आली.

"वळ इकडे," श्रीपतराव म्हणाले.

निलम्मा वळली. पोलकं पांढरं होतं. गळा पांढरा, छाती पांढरी, खांदे पांढरे. श्रीपतरावांनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने वाकून पाहिलं. हळदीचा रंग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात टिकत नाही. आणि ऊन देण्याची व्यवस्था शाळेनेच केली होती.

"काल होता," ते म्हणाले.

"मास्तरसाब," रेवणसिद्धप्पाचा आवाज चढला, "गुळाची गाडी तशीच टाकून आलो मी. पांढऱ्या कपड्यावरचा पांढरा डाग दाखवायलाव काय मला?"

"अहो, खरंच होता! अंबाजी, सांग!"

"व्हता साब," अंबाजी म्हणाला. "पर आता न्हाई."

"म्हंजे माझी पोरगी कायबी नसताना उन्हात उभी हाय? गावाम्होरं?"

सिद्धव्वा मात्र वेगळ्याच कारणाने पेटली होती. ती हळदीसाठी भांडायला आली होती आणि हळदच नव्हती. "घालवलाव!" ती ओरडली. "माझ्या लेकराची हळद घालवलाव तुमी! सोड्यानं गेली न्हाई ती!"

श्रीपतरावांना आता फक्त आपली खोली हवी होती. "हे पाहा, मला कामं आहेत," म्हणून ते वळले आणि पायऱ्या चढू लागले.

"थांबा," सिद्धव्वा म्हणाली.

कॉलरच्या जरा खाली, पाठीच्या बरोबर मध्यावर, नव्या कोटावर एक पिवळं बोट उमटलेलं होतं. गोल, ठसठशीत, दाबून लावलेलं. कोटालाही कोपरा नसतो.

"अग्गं बाई," सिद्धव्वाचा आवाज एकदम मऊ झाला. "हितं हाय की. बाईंनी किती मायेनं लावलंय!"

खिडक्यांतून पोरं खिदळली. श्रीपतरावांनी हात पाठीमागे नेला, तो पोचला नाही, दुसरा नेला, तोही पोचला नाही. रेवणसिद्धप्पा सावकाश जवळ आला आणि त्याने डाग निरखून पाहिला.

"पांढरा म्हंजे पांढरा आसतंय ना, मास्तरसाब?"

श्रीपतराव पाठ भिंतीला लावून उभे राहिले.

"निलू," बाप म्हणाला, "वर्गात जा. आन् उद्या बी यायचं, परवा बी यायचं. बघतो कोन तुझं नाव काढतंय!" आपण स्वतःच नाव काढायला आलो होतो, हे तो रागाच्या भरात विसरून गेला, आणि सिद्धव्वाने त्याला आठवण करून दिली नाही.

पुढचे काही दिवस प्रार्थना फार लांबली. श्रीपतराव स्वतः अंगणात उभे राहून शिस्तीवर बोलत होते, नवा कोट घालून. कोट सकाळी सकाळी ओला कसा, हे कुणाला कळेना. मुलं सावलीत बसलेली होती. अंबाजीने खुर्ची आणली, त्यांनी ती नाकारली. गणिताच्या मास्तरांनी "सर, जरा आत सावलीत या," असं सुचवलं, तेव्हा ते आले नाहीत. फक्त ऊन जसजसं सरकत होतं तसतसे बोलता बोलता हळूहळू फिरत होते, पाठ नेमकी सूर्याकडे राहील असे.