पाण्यात गेलेलं पात्र

पात्र नाहीसं झाल्याचं सीत्सेला रविवारी सकाळी कळलं, आणि ते न्यायला दुपारी मुलगी येणार होती!

बायको येल्त्ये गेल्यापासून तो कालव्यातल्या आपल्या बोटीवर एकटाच राहत होता. आईच्या साऱ्या वस्तूंतून यिल्दूने एकच मागितली होती, पोफर्चे करायचं बिडाचं पात्र. आपलं आप्पेपात्रच म्हणा ना. "आरशासारखं लख्ख करून ठेवतो!" असं सीत्से फोनवर ऐटीत म्हणाला होता. आदल्या संध्याकाळी बादलीत घालून त्याने ते घास घास घासलं. मग रोजच्यासारखी बादली बोटीबाहेर उपडी केली. डुबुक! बदक असेल, असं त्याला वाटलं.

बदक नव्हतं.

"चमचे सगळ्यांचेच जातात," डावीकडच्या बोटीवरचा डाउवे म्हणाला. "आख्खं पात्र घालवणारा तू पहिलाच! थांब, चुंबक देतो. पण दोरी आधी कठड्याला बांध, नाहीतर तेही घालवशील."

सीत्सेने दोरी पक्की बांधली आणि चुंबक पाण्यात सोडलं. ठण्ण!

"लागलं!"

डाउवेने वाकून पाहिलं. "अरे शहाण्या, आफ्केची बोट लागली!"

सीत्सेची बोट लाकडी, उजवीकडची आफ्केची पोलादी. तिच्या पोटाला चुंबक गोचिडासारखं चिकटलं होतं. दोघांनी ओढलं, हिसडे दिले, शिव्या दिल्या. ढिम्म! तेवढ्यात आफ्केचं इंजिन धडधडलं. बोटींना वाट द्यायला पुढचा पूल उघडायची वेळ झाली होती.

"आफ्के! आफ्के!" सीत्से दोन्ही हात हलवत ओरडला.

येल्त्येच्या मातीनंतर त्याने कुणाला साधा हात केला नव्हता. आफ्केला गहिवरून आलं. इंजिनाच्या आवाजात तीही ओरडली, "असाच बाहेर येत जा रे, सीत्से!" आणि तिने वेग वाढवला.

दोरी ताठली. सीत्से गाठीवर तुटून पडला, पण गाठ त्याचीच, सुटते कशाला!

"डाउवे, सुरी आण!"

डाउवे धावत गेला आणि लोण्याची सुरी घेऊन आला.

"हिने काय पाव खाऊ?"

बोट कलली. आत बशा धडाधड फुटू लागल्या. पात्र गेलं, आता घरही जातं, या भीतीने सीत्सेने डोळे मिटले. कडाड्! कठडा मुळासकट उखडला आणि आफ्केच्या मागे शेपटासारखा उघड्या पुलातून निघून गेला. ती अजून हात हलवत होती.

यिल्दू वेळेवर आली.

"बाबा, कठडा कुठे गेला?"

"आफ्केबरोबर."

"बरं. आणि आईचं पात्र?"

खोटं बोलणं सीत्सेला कधी जमलं नव्हतं.

"पाण्यात आहे."

"अजून? एवढं करपवलंत? राहू दे, नीट भिजू दे. पुढच्या रविवारी नेते."

सीत्सेने मान डोलावली.

तोही रविवार येऊन गेला. पात्र अजून वर निघालेलं नाही.