चाइल्डलाइक जावई

शिरूरच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासला नागसेन जेमतेम एक पावसाळा गेला, पण तेवढ्यात त्याच्या अंगात साहेब शिरला. रांजणगावच्या कंपनीत चहाची सुट्टी झाली, की तो कुणाला तरी धरून चाइल्डिश आणि चाइल्डलाइक यांतला फरक समजावून सांगे. पोरं अर्धा कप टाकून मशीनवर पळत. कंपनीनं क्लासचे आभार मानायला हरकत नव्हती.

मग तो दौंडच्या करुणाला बघायला निघाला. फोटोतच पोरगी त्याच्या मनात भरली होती. मध्यस्थ चांगदेवआप्पांनी वाटेत बजावलं, की तिथं शब्द चालतो तो पोरीच्या मामांचा, शंकररावांचा. तेव्हा तू आपला कमी बोल.

शंकरराव रेल्वेतले, मानाला फार जपणारे. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. पहिली बशी पाहुण्यांना गेली म्हणून मामांनी तोंड फिरवलं. बहिणीनं समजूत घातली, तेव्हा कुठं चमचा उचलला.

मग मुलीला काय विचारायचं ते विचारा, असं झालं. नाव, शिक्षण कुणीही विचारतं! नागसेननं आपला तो फरक विचारला. करुणा बी.ए. झालेली. ती तोंड उघडणार, तोच हा स्वतःच सांगू लागला. उदाहरण नेहमी समोरचं द्यावं, असं क्लासचे सर म्हणत.

"चाइल्डलाइक म्हंजी मन लहान पोरासारखं निर्मळ. जसा मी. आन् चाइल्डिश म्हंजी वय झालं, पर रुसणं-फुगणं जात न्हाई. जसं आपलं मामा."

मामा चपला घालून रस्त्याला लागले, त्यांच्या मागं करुणाची आई, आईच्या मागं वडील. आप्पांनी कपाळाला हात लावला. नागसेनला वाटलं, काय चपखल उदाहरण दिलं!

घाम फुटला तो परतीच्या एसटीत. मामा बिथरले म्हणजे सोयरीक गेली. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं आप्पांच्या हाती मामांसाठी शाल पाठवली. संध्याकाळी आप्पा परतले.

"मामा मानलं. शाल बघून हसलं सुदिक."

नागसेनच्या जिवात जीव आला. "मग जमलं म्हणायचं?"

"न्हाई. पोरगीच नको म्हणती. म्हणली, फरक बराबर सांगितला, पर उदाहरण चुकलं. मामाच्या जागी तिनं तुझं नाव घातलंय."