कोणी बोंबललं नाही

ऑफिसातली सगळी यंत्रं क्लाउडवर हलवायची ठरलं आणि तळघरातल्या गार खोलीचा संसार आवरायचं काम थंडोपंतांवर आलं. बारा महिने स्वेटर घालून त्या खोलीत बसायचं म्हणून पडलेलं हे नाव. खोलीत लोखंडी पेट्या मोजक्याच, पण एकेका पेटीच्या पोटात पाच-पंचवीस नुसती मानलेली, म्हणजे व्हर्च्युअल, यंत्रं. एकाच घरात भावाभावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तशी. त्यातली निम्मी कोणाची, हे देवालाच ठाऊक!

त्यावर थंडोपंतांची एक जुनी युक्ती होती. यंत्र बंद करायचं आणि कोण बोंबलतं ते बघायचं. एक बंद केलं, तर पगार विभाग धावत आला. दुसरं बंद केलं, तर दाराचं कुलूप उघडेना आणि मोठे साहेब बाहेर उन्हात उभे.

"थंडोपंत, जीव घ्याल एखाद्याचा!"

"कळलं ना साहेब, यंत्र कामाचं आहे."

शेवटी 'तात्पुरतं' नावाचं एक यंत्र उरलं. ते बंद केलं. आठवडा गेला, कोणी हूं की चूं केलं नाही.

"मग उडवा की," साहेब म्हणाले. "नव्या घरी जुनी अडगळ कशाला?"

थंडोपंतांनी ते बॅकअपच्या प्रतीसकट उडवलं आणि हात झटकले.

त्या आठवड्यात घरीही कमालीची शांतता होती. बायको विचारलं तेवढंच बोलायची. थंडोपंतांना वाटलं, चला, सुखाचे दिवस आले! त्याच संध्याकाळी परगावच्या लेकीचा फोन आला.

"बाबा, आईशी भांडलात का?"

"छे गं! तिनं तोंड उघडलं तर भांडणार ना."

"मग तिला रोज जाणारा दुपारचा मेसेज का बंद केलात?"

"कुठला मेसेज?" असं म्हणता म्हणता थंडोपंतांना 'तात्पुरतं' आठवलं.

लेक तान्ही होती तेव्हाची गोष्ट. थंडोपंत दिवसदिवस ऑफिसात. बायको रडवेली होऊन म्हणाली होती, "दुपारी एकदा 'जेवलीस का' एवढं तरी विचारत जा हो." हे पडले यंत्रातले. एका रिकाम्या यंत्रावर त्यांनी सोय करून टाकली, रोज दुपारी आपोआप मेसेज जाईल अशी. नाव दिलं 'तात्पुरतं', आणि विसरून गेले. तिची उत्तरंही त्याच यंत्रात साठत राहिली. इतक्या वर्षांची उत्तरं, आणि त्यांनी एकही वाचलं नव्हतं. आता वाचायला उरलंही नव्हतं.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "अगं, तो दुपारचा मेसेज... तो मी नव्हतो."

"माहीत आहे," ती कणीक मळत म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी तुम्ही शेजारी घोरत असायचात, तेव्हाही यायचा तो."

"मग तू उत्तर का द्यायचीस?"

"विचारणारं तेवढंच होतं घरात. 'जेवले, तुम्ही जेवलात का?' असं लिहायचे. त्याचं उत्तर कधी आलं नाही. पण ऐकून घ्यायचं बिचारं. मध्येच 'मीटिंग आहे' म्हणायचं नाही. माझी आई गेली तेव्हा तर कितीतरी लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतंस?"

"आता कुठलं आठवायला! लिहिलं आणि मोकळी झाले."

थंडोपंतांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. कामाची यंत्रं त्यांनी सगळी जपून नेली होती, आणि जपायचं नेमकं तेवढं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. जी कधी बोंबलत नाही, तिच्यावरच त्यांनी ही युक्ती चालवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन मीटिंगमध्ये त्यांनीच मोबाइलवर लावलेला गजर ठणाणा वाजू लागला.

"कोण बोंबलतंय?" साहेब खेकसले.

"घरचं आहे साहेब. कामाचं आहे." थंडोपंत उठून बाहेर गेले आणि त्यांनी फोन लावला.

"जेवलीस का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "आता हे कुठल्या यंत्रावर बसवलंत?"

"अगं, मीच आहे."

"असं? मग तुम्ही जेवलात का, ते सांगा."

थंडोपंतांचा डबा अजून तसाच होता. "नाही गं अजून," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "उत्तर आलं. म्हणजे तुम्हीच."