घंटेच्या आडून

एबरहार्ड हा गावातल्या रविवारचा स्वयंघोषित पहारेकरी. रविवारी कुणी गवत कापलं, भिंतीला भोक पाडलं, की हा कुंपणापाशी हजर. शांततेचा वार म्हणजे काय, यावर तो समोरच्याचा घाम काढायचा. चर्चची देखभाल करणाऱ्या गेरोल्डविरुद्ध तर त्याने गावकचेरीत लेखी तक्रार ठोकली होती. गुन्हा काय, तर रविवारी लेकीचा पाळणा ठोकत होता. अशा माणसाने शनिवारी दुपारी आपल्या एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरीच बदलायला काढले.

डावीकडचे पॅड निघाले. डिस्क मात्र गंजून अशी चिकटली होती, की तेल पाजून, लाथा घालून, शेवटी हात जोडूनही हलेना. आता हातोड्याचे दणके घालणंच बाकी होतं, तोवर रात्र झाली, आणि दुसरा दिवस रविवार. सोमवारी सकाळी सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात न्यायचं होतं आणि त्या तारखेसाठी म्हातारीने अख्खा हिवाळा वाट पाहिली होती.

"शेजारची गाडी मागू या," बायको इर्मगार्ड म्हणाली.

"कुणाची?"

तिने मनातल्या मनात गल्ली फिरून पाहिली. एबरहार्डने ज्याच्यावर तोंड टाकलं नाही असं एकही घर सापडेना. ती भांडी घासायला लागली.

रविवारी ती आईला घेऊन चर्चला गेली. एबरहार्ड पाठदुखीचं निमित्त करून मागे राहिला. त्याने गॅरेजचं दार ओढून घेतलं, तेलाच्या वासाने गुदमरायला नको म्हणून मागची खिडकी तेवढी उघडली आणि हातोडा घेऊन घंटेची वाट पाहत बसला. खिडकीपलीकडेच चर्च. त्या गजरात आपले घाव कुणाला ऐकू जाणार, असा हिशेब.

घंटा सुरू झाली आणि याचे घावही. पण ती थांबली तेव्हा उगारलेला हातोडा काही थांबला नाही. तो एक घाव गावभर घुमला. शरमेने एबरहार्डची कानशिलं तापली. तो गाडीआड दडला आणि त्याने डिस्कला एक सणसणीत शिवी हासडली.

तेवढ्यात घंटा पुन्हा सुरू झाली. देवालाच दया आली, असं समजून तो परत तुटून पडला. घंटा थांबली की शिवी, सुरू झाली की दणका, असं बराच वेळ चाललं. अखेर ऐन गजरात डिस्क सुटून खाली पडली.

इर्मगार्ड परतली ती थेट गॅरेजमध्ये. "सुटली ना एकदाची?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझी खिडकी उघडी, चर्चमध्ये सगळं ऐकू येत होतं. तू शिवी दिलीस की गेरोल्ड परत घंटेचं बटण दाबायचा. पास्टरबाई बायबल उघडून उभ्या, आणि आम्ही सगळे कान लावून बसलेलो. मग एकदा घंटा थांबली आणि शिवी आलीच नाही."

"मग?"

"मग सगळे 'आमेन' म्हणाले."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं एबरहार्डला झालं. कुणी हसलं का, असं त्याने विचारून पाहिलं. कुणीच हसलं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"गेरोल्ड बाहेर उभा आहे," ती म्हणाली. "उजवीही अडकली असेल, तर संध्याकाळची घंटा लांबवू का, विचारतोय."

एबरहार्ड काळ्या हातांनीच दाराशी गेला. गेरोल्डच्या नजरेला नजर देण्याची हिंमत होईना, म्हणून त्याच्या बुटांकडे बघत म्हणाला, "उजवी जरा जास्तच घट्ट आहे."