ऐंशी सऱ्या, सात नंबर

राहू गावच्या सोपानआप्पांनी मला सांभाळलं. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढे हसण्यासारखं बरंच आहे आणि त्या हसण्यात हे राहून जायला नको.

आप्पा गोल्फ खेळतात. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्याला पांढरी टोपी, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला आणि हातात लोखंडी काठी. टीव्हीवरचे गोल्फवाले अंतर यार्डात सांगतात. आप्पा सरीत सांगतात. चेंडूपाशी उभे राहतात, एक डोळा मिटतात, शेजारच्या उसाच्या सऱ्या बोटाने हवेतल्या हवेत मोजतात आणि म्हणतात, "ऐंशी सऱ्या. सात नंबर काढ." साठ असल्या की नऊ नंबर. शंभराच्या वर गेल्या की फुगीर डोक्याची मोठी काठी. वारा बघायचा तो गुऱ्हाळाच्या धुराड्यावर. धूर नदीकडे वळला असेल तर पाच सऱ्या जास्त धरायच्या. गुऱ्हाळ बंद असेल त्या दिवशी "आज वारं न्हाई" असं ते ठरवूनच टाकतात. मग डोक्यावरची टोपी उडून गेली तरी बेहत्तर.

हे वेड त्यांना लागलं एका कोरियन इंजिनियरमुळे. शिरूरला आप्पांचं एक घर आहे. तिथे तो भाड्याने राहायचा. परत जाताना सामान जास्त झालं म्हणून काठ्यांची पिशवी आप्पांना देऊन गेला. पहिलं वर्ष आप्पांनी त्यातली एक काठी कुत्री हाकायला वापरली. मग एकदा रस्त्यात पडलेलं कच्चं लिंबू सहज टोलवलं, ते थेट शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन वाजलं, आणि आप्पांना वाटलं, ह्यात काहीतरी हाय.

नदीकडेला त्यांची सात एकर चोपण जमीन आहे. मीठ फुटलेली. ऊस सोडा, तिथे गवतही विचार करून उगवतं. त्या जमिनीवर आप्पांनी पाच खड्ड्यांचं मैदान केलं. दोनदा फिरलं की दहा होतात. "जगात अठरा असत्यात," ते पाहुण्यांना सांगतात, "आमच्यात धा. पर माती एक नंबर." खड्ड्याभोवतीच्या जागेला मोठ्या मैदानांवर ग्रीन म्हणतात आणि तिथे गालिच्यासारखं गवत असतं. आप्पांकडे गवत नाही, म्हणून त्यांनी पाणी मारून, धुम्मस करून, शेणाने सारवून चक्क खळं केलं. चेंडू त्यावर असा पळतो की थांबायचं नाव घेत नाही.

मी तिथे पोचलो जेसीबीवर. किनवटच्या पलीकडचं माझं गाव. शाळा आठवीत सुटली, मग मिळेल त्या मशीनवर बसत बसत इकडे आलो. आप्पांनी शेततळं खणायला बोलावलं होतं. तळं झाल्यावर म्हणाले, "आता तिकडं चार खड्डं मार. त्यात वाळू भरायचीय."

"वाळू कशाला, आप्पा?"

"चेंडू अडकाया."

"आणि अडकला की?"

"काढायचा."

मी खड्डे मारले. मशीन मालकाचं, डिझेल आप्पांचं. डोकं कुणाचं, हे विचारायचं मला काय पडलं होतं!

पुढे मालकाने मशीन विकलं आणि मी मशीनवाचून उरलो. घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. फोनवर त्यांना "काम चालू आहे" एवढंच सांगायचो आणि पुढचा प्रश्न यायच्या आत रेंज गेल्यासारखं करायचो. आप्पा म्हणाले, "पंपाच्या खोलीत ऱ्हा. पाणी धराया माणूस पायजेच." मी राहिलो. दोन दिवसांत लक्षात आलं की पाणी धरायला माणूस लागतच नाही. आप्पांच्या मुलाने, संतोषने, सगळ्या उसाला ठिबक केलेलं. मोटार तो घरातून फोनवर चालू करायचा. म्हणजे मला काम नव्हतंच. होती ती आप्पांची माया. आणि माया किती दिवस खायची? रोज संध्याकाळी संतोषची मोटारसायकल वाजली की वाटायचं, आज हा बोलणार. तो कधीच बोलला नाही. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटायची.

पण आप्पांना चौथा गडी हवा होता, म्हणून माझ्या हातात काठी आली. बाकीचे दोघे म्हणजे भांडगावचे बजरंगमामा, त्यांची आंब्याची रोपवाटिका आहे. आणि वरवंडचे दिलीपशेठ, त्यांचं खताचं दुकान. आप्पांचं बघून दोघांनी आपापल्या गावी मैदानं केलेली. मामांच्या बागेत तीन खड्डे, दिलीपशेठच्या दुकानामागे तळ्याकडेला दोन. खेळ झाला की बांधावर चहा, आणि चहाबरोबर कुणाचं मैदान चांगलं यावर भांडण.

"शेठ, तुमच्या कोर्सवर खेळायचं म्हंजी चेंडू तळ्याला वाहायचा," मामा म्हणायचे.

"आन् तुमच्यात? हायवेचे हॉर्न ऐकून माझा स्विंग बिघडतो."

"माझा एक फटका त्याच हायवेला ट्रकात पडला. सोलापूरला गेला! एवढा लांब मारलाय का कुणी?"

"त्यो ट्रकचा फटका. तुमचा न्हवं," आप्पा निकाल द्यायचे.

आप्पांच्या मैदानाचा एकच कायदा कडक होता. खेळताना कामाचं बोलायचं नाही. बोललं की नावावर एक फटका दंड, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकणार. आप्पा पूर्वी सोसायटीचे चेअरमन होते. पद गेलं, पण माणसं यायची थांबली नाहीत. कुणाला शिफारस हवी, कुणाला पाण्याची पाळी, कुणाच्या मुलाला नोकरी. "माझ्याकडं रिकाम्या हातानं कुणी येतच न्हाई बघ," एकदा मला म्हणाले, "कायतरी कागूद असतोच." दिलीपशेठनी एकदा नुसतं "आप्पा, तेवढं बँकेचं..." म्हटलं, तर आप्पांनी वर न बघता "एक!" म्हणून दंड लावला होता.

मग गेल्या वर्षी आप्पांचा खेळ बिघडला. ऐंशी सऱ्या मोजाव्यात, सात नंबर काढावा, फटका गोळीसारखा जावा आणि चेंडू खळ्याच्या कितीतरी अलीकडे धप्पकन पडावा. रोज. चर्चा झाली. मामा म्हणाले, कमरेतून वळत नाही. दिलीपशेठनी फोनवर व्हिडिओ दाखवले. त्यातला गोरा माणूस डावा हात सरळ ठेवा म्हणत होता. आप्पांनी हाताला वेळूची कांबट बांधून खेळून बघितलं. पाय बदलून बघितले. मेथीचे लाडू खाल्ले. शेवटी एका संध्याकाळी काठी टाकून बांधावर बसले आणि म्हणाले, "वय झालं. मनगटातलं बळ गेलं."

संतोष ठिबकच्या नळ्या बघत तिथूनच चालला होता. "काय झालं, आप्पा?"

"ऐंशी सऱ्याला सात नंबर पुरंना बाबा."

"पुरंल कसा? चार फुटी सरी गेली की! औंदा ऊस लावला तवा आपण पाच फुटी नाय का पाडली?"

 आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्हंजी मी बरूबर मारतोय?"

"तुमी बराबर मारताय. ऊस लांब लांब लावलाय."

आप्पा उठले, बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे बघून ओरडले, "गंगाधरा, चौसष्ट सऱ्या! सात नंबर काढ!" त्या फटक्याने चेंडू खळ्याच्या मधोमध पडला. मनगटातलं बळ त्याच संध्याकाळी परत आलं. फक्त पुढे महिनाभर, संतोषने उसाला हात लावला की ते विचारायचे, "काय बदलणार असशील तर आदी सांग."

त्यानंतरच्या एका रविवारी दिलीपशेठनी जोशीसाहेबांना आणलं. शिरूरकडच्या एका कारखान्यात मोठे अधिकारी, पुण्याला नियमाने गोल्फ खेळणारे. राहूचं मैदान बघायची त्यांना फार हौस. त्यांच्याकडे अंतर सांगणारी दुर्बीण होती. तिच्यातून बघून म्हणाले, "एकशे सात."

"एकशे सात काय?"

"यार्ड."

"आमच्यात चौसष्ट. पैल्या ऐंशी हुत्या, पोरानं कमी केल्या."

साहेबांनी दुर्बीण पुसून परत लावली.

सामना मात्र चांगलाच रंगला. साहेबांना खळं कळेना आणि आप्पांना त्या दिवशी सगळंच कळत होतं. दहाव्या खड्ड्यावर साहेबांचा चेंडू आत गेला. आप्पांचा चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर. एवढा ढकलला की आप्पा एका फटक्याने जिंकणार होते. पुण्याच्या मैदानावर खेळणाऱ्या माणसाला, स्वतःच्या खळ्यावर. मामांनी श्वास रोखून धरला होता. आप्पा वाकले. मग सरळ झाले.

"साहेब, तुमच्या कारखान्यात माल उचलायच्या गाड्या असत्यात न्हवं?"

"फोर्कलिफ्ट? असतात की."

"आप्पा," मामा घाबरून म्हणाले, "कामाचं बोलताय. एक झाला."

"होऊ दे. साहेब, ह्यो गंगाधर. जेसीबी असा चालवतो की बकेटनं अंडं उचलंल."

"दोन!"

"शिक्षण किती?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमाला बी एक," मामा म्हणाले, पण कुणी लक्ष दिलं नाही.

"आठवी. पर चेंडू हरवला तर घावल्याबिगर घरी जात न्हाई. असा माणूस मला सोसायटीत बी कदी मिळाला न्हाई."

"तीन! आप्पा, अवो, आदी चेंडू ढकला, मग बोला!"

"मग बोलल्यावर साहेब गाडीत बसत्याल. कायम करायचं बगा, साहेब. कंत्राटावर नगं. त्याची लेक लहान हाय."

"चार," मामा हळूच म्हणाले.

मी खाली बघत उभा होतो. खळ्याला एक बारीक भेग गेली होती, तिच्यावरच नजर ठेवली होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं. "गुरुवारी पाठवा. चाचणी घेतो. जमलं तर बघू."

आप्पांनी वाकून चेंडू आत ढकलला. "हरलो," म्हणाले. "चला, च्या घ्या."

चाचणी जमली. परवाना काढला, कामावर आधी कच्चा, मग कायम झालो. आता शिरूरला आप्पांच्याच त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. बायको आणि मुलगी आल्या आहेत. कामावर सुट्टी मागायची मला अजून हिंमत होत नाही; वाटतं, मागितली आणि साहेबांना आपण आठवीच असल्याचं आठवलं तर?

आप्पांचा फोन मात्र संध्याकाळी येतो. "गंगाधरा, आज तू तिसऱ्याला वाळूत गेलास. पाय हलवू नगं म्हणून कितींदा सांगितलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, म्हातारपणी भ्रम होतोय की काय. संतोषला फोन केला.

"भ्रम बिम काय न्हाई," तो म्हणाला. "मामांचा गुडघा गेलाय, शेठला दुकान सोडवंना. आप्पा एकटंच जात्यात. दोन चेंडू घेऊन. एक त्यांचा, एक तुजा. आदी आपला मारत्यात, मग तुजा. तुजा मारायच्या आदी तुला शिव्या घालत्यात."

"कोण जिंकतं?"

"म्या एकदा बगत हुतो. तुजा चेंडू लई लांब ऱ्हायला, तर हळूच पायानं पुढं सारला."

त्या संध्याकाळी आप्पा फोनवर म्हणाले, "आज तू जिकलास बग. एका फटक्यानं."  "आप्पा, मी तर ड्युटीवर होतो," मी म्हणालो.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "जेवलास का?"

हे मी बायकोला सांगितलं, म्हटलं एकदा राहूला खेळून येतो. ती म्हणाली, "त्या खेळात नुसतं चालायचंच असतं ना? मग मीही येते." मुलगी तर लगेच काठी कुठे मिळेल ते विचारायला लागली. मी मोजलं: आप्पा, मी, ही आणि मुलगी. चौघं होतात. आप्पांनी माझ्यासाठी केलं ते मला फेडता येईल असं वाटत नाही. पण सुट्टी मागणार आहे. भीत भीत का होईना, मागणारच. एक दिवस आम्ही तिघं कसलाही कागद न घेता, रिकाम्या हातांनी राहूला जाऊ, आणि आप्पांना माझा चेंडू माझ्यासाठी मारावा लागणार नाही.