सुलोचनेचा दमा आणि माझी झाडझूड

मंडळी, शाळेतली साठ पोरं मी नुसत्या नजरेनं गप्प बसवतो. तीन खोल्यांच्या घरातली धूळ माझ्यापुढं काय टिकणार? हे मी गोंदियाच्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. एका रविवारात घर आरसा करतो म्हणालो!

गोष्ट सदतीस सालची. आमगावच्या शाळेत मी, शालीकराम मास्तर. घरात मी आणि बायको सुलोचना, दोघंच. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही, आणि दोन हिवाळ्यांपासून तिला दमा. धानाच्या मळणीचे दिवस आले, हवेत भुसा उडाला, की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मग भिंतीला पाठ लावून ती तासन्‌तास बसून राही, फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूसारखी. मी जवळ बसलो तर म्हणायची, "जा जी, जेवून घ्या. माही शिट्टी काई तुमच्यानं थांबत नाई."

डॉक्टर म्हणाले होते, "धूळ, धूर, जुना कापूस हे बाईंचे शत्रू आहेत. कोरडा झाडू बंद करा. सामान ओल्या फडक्यानं पुसा, जमीन सारवा. हळूहळू, रोज."

मी अर्धंच ऐकलं. ओलं फडकं मला बायकी वाटलं. शत्रू हा शब्द मात्र फार आवडला!

रविवारी सुलोचनेला शेजारी मुन्नालालकडे वड्या घालायला पाठवलं, बांबूला झाडू बांधला आणि छपराच्या कवेलूंच्या खालच्या बाजूवर चढाई केली. वीस वर्षांची काजळी, कोळ्यांची जाळी आणि चिमण्यांची दोन घरटी एकदमच माझ्या डोक्यावर आली! कावळ्यानं पाहिलं असतं तर मला भाऊबंद समजून घास मागितला असता. खोलीत हात दिसेना. मला वाटलं, छान, शत्रू बाहेर पडतो आहे!

मग गाद्या अंगणात ओढल्या आणि वेताच्या छडीनं बडवल्या. एकही पोरगं माझ्या हातून इतकं बडवलं गेलं नसेल. शेवटी हाती लागली सुलोचनेची उशी. तिच्या आईनं मरायच्या आधी सावरीचा कापूस वेचून भरून दिलेली. मळकट, चपटी, कडेला उसवलेली. जुना कापूस! मी क्षणभर थांबलो. खरं सांगतो, थांबलो होतो. पण मग काडी ओढली.

कापूस पेटेना, नुसता धुमसू लागला. पांढरा धूर घराला वेढून बसला. कुंपणापलीकडून मुन्नालाल ओरडला, "दौड़ो! मास्टर का घर जल रहा है!"

पाच मिनिटांत निम्मं आमगाव बादल्या घेऊन हजर! चौघं छपरावर चढले, कवेलू फोडून वरून पाणी ओतू लागले. आत काजळीचा चिखल झाला. मी घसा फोडून ओरडलो, "अरे, घर नाही! उशी जळतेय, उशी!"

"हाँ हाँ, उसी को बुझा रहे हैं!" मुन्नालाल म्हणाला आणि आणखी एक बादली वर दिली.

एवढ्यात सुलोचना धावत आली. हाताला वडीचं पीठ तसंच. "कुठी आहा जी? माहा मानूस आत आहे का?" मी धुराच्या पलीकडे उभा, तिला दिसलोच नाही. कोणी अडवायच्या आत ती मला शोधायला घरात शिरली.

मी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. ती शिट्टी ऐकायला मी इतका आसुसेन असं कधी वाटलं नव्हतं. बोलता येत नव्हतं तिला. बोटानं तिनं अंगणातल्या धुमसत्या ढिगाकडे दाखवलं आणि मग माझी बाही घट्ट धरली.

मुन्नालालनं बैलगाडी पळवली, पॅसेंजर मिळाली. गोंदियापर्यंतचा प्रत्येक थांबा मला वर्षासारखा वाटला. डॉक्टरांनी सुई टोचली. अर्ध्या तासानं तिची छाती हलकी झाली.

"काय केलंत मास्तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"साफसफाई."

त्यांनी शांतपणे हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "पुन्हा करू नका."

सुलोचनेला तिची बहीण प्रेमिला चिचगडला घेऊन गेली. मला म्हणाली, "पयले घर धुवा भाऊजी, मंग बायको मांगा."

मग मी रोज शाळा सुटल्यावर ओलं फडकं घेऊन बसलो. फळी, खिडकी, कोनाडा, पेटी. चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. धानाची ढोली पडवीत हलवली. फुटक्या जागी नवे कवेलू घातले. जमीन सारवायलाही शिकलो. पहिले आठ दिवस ती म्हशीच्या पाठीसारखी दिसायची. पण घर जसजसं स्वच्छ होत गेलं, तसतसं जास्तच रिकामं वाटू लागलं. भिंतीशी जिथं ती टेकून बसायची तिथं तिच्या पाठीचा तेलकट डाग होता. तेवढा मी पुसला नाही.

फाल्गुनात ती आली. कोनाड्यावरून बोट फिरवून बघितलं. उशीबद्दल एक शब्द काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोनं केलं जी हे?"

"मीच."

ती जमिनीवर बसली. पोटभर श्वास घेतला, सोडला, परत घेतला. "श्वास सुखानं येऊन राहिला," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

काहीतरी मोठं, मनातलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि शिंकलो! एकदा नाही, अकरा वेळा!

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर नाक धुळीत खुपसलंत, मास्तर. आता ती तुम्हालाच सोसत नाही."

तेव्हापासून आमचं घर मुन्नालालची बायको पुसते आणि आम्ही दोघं अंगणात बसतो. मी शिंकतो, सुलोचना मोजते. तिला आता दम पुरतो ना, एकही सोडत नाही!