इंदूकाकूंचे वकीलसाहेब

इंदूकाकू माणसांशी बोलत नसत. त्या कुत्र्याशी बोलत, आणि माणसांनी ते ऐकून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असे.

दूधवाला दारात आला की काकू पायरीवर बसलेल्या कुत्र्याकडं बघून म्हणत, "वकीलसाहेब, इचारा ह्याला, आज पाणी म्हशीला पाजलं का दुधाला?" दूधवाला नवा असला तर गोंधळे. जुना असला तर सरळ कुत्र्याला उत्तर देई, "म्हशीलाच पाजलं, साहेब."

नवरा, म्हणजे माधवकाका, यांनाही यातून सूट नव्हती. "वकीलसाहेब, मालकांना म्हणावं भाकर गार व्हायलीय." बाजेवरून माधवकाकांचा आवाज येई, "वकीलसाहेब, आलोच म्हणावं."

कुत्रा गावठी, तांबूस रंगाचा, एक कान कायमचा पडलेला. मूळ नाव मोती. गल्लीनं त्याचा वकील केला आणि काकूंनी त्याला साहेब जोडला. तेलगावात आमचं घर त्यांच्या बरोबर समोर होतं. मी जिल्ह्याच्या एका पेपराला गावाकडच्या बातम्या पाठवत असे, त्यामुळं दिवसाचा बराच वेळ ओट्यावर जाई आणि समोरचं सगळं दिसे.

एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून काकूंच्या दारात उभा राहिला. काकूंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. "वकीलसाहेब, ह्यांना सांगा, आमचं काय बी म्हणणं न्हाई," असं म्हणून त्यांनी तुंबलेली नाली, विझलेला खांबावरचा दिवा आणि न येणारं नळाचं पाणी, सगळं कुत्र्याला सांगितलं. काकूंचं 'काय बी म्हणणं न्हाई' नेहमी इतकंच लांब असे. शेवटी उमेदवारानं कुत्र्यालाच नमस्कार केला आणि पुढच्या घराकडं गेला. ही बातमी मी पाठवली नाही. छापली नसती.

काकूंचं दुसरं वेड विणकाम. दिवाळी सरली, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागल्या की त्यांच्या काखेत लोकरीचा गुंडा आणि हातात सुया येत. तेव्हा गल्लीतल्या चार-पाच बायका सकाळच्या उन्हात भिंतीला पाठ लावून विणत बसत. बोलणं चाले, सुया चालत, मधेच एखादी पाढे म्हटल्यासारखे टाके मोजे. आता तिथं मोटारसायकली उभ्या असतात.

काकू टेपनं माप घेत नसत. पोराला पाठमोरं उभं करून पाठीवर वीत टाकत, मान हलवत आणि सोडून देत. गळ्याबाबत मात्र त्यांचं ठाम मत होतं, की थंडी गळ्यातूनच शिरते. त्यामुळं त्यांच्या स्वेटरातून डोकं बाहेर काढणं ही एक कसरत होती. शाळेच्या प्रार्थनेत ज्याचे कान लाल, तो आमच्या गल्लीतला हे गुरुजींना न सांगता कळे.

एका बाजाराच्या दिवशी काकूंना एका परक्या माणसाच्या पाठीवर नवा नमुना दिसला. त्या भाजीच्या ओळीपासून टाके मोजत त्याच्या मागं निघाल्या. तो स्टँडवर गेला, काकूही गेल्या. तो एसटीत चढला, काकूही चढल्या आणि त्याच्या मागच्या सीटवर बसल्या. संध्याकाळी माजलगावहून परतल्या तेव्हा माधवकाका चिंतेनं दारात उभे होते. "वकीलसाहेब," काकू म्हणाल्या, "मालकांना सांगा, नमुना लई सोपा निघाला."

या कुत्र्याला वकिली मिळाली ती एका भांडणातून. माधवकाकांचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. मधे कमरेइतकी भिंत. त्याची बायको मंदाकाकू, म्हणजे इंदूकाकूंची धाकटी जाऊ. इंदूकाकूंना मूलबाळ नाही. मंदाकाकूंची मुलगी पल्लवी इंदूकाकूंच्याच मांडीवर वाढली. ती आठवीत असताना मंदाकाकूंनी परळीहून, दर थंडीत नेपाळी लोक स्वेटर विकायला बसतात तिथून, तिला चेनचा स्वेटर आणला. इंदूकाकूंनी विणलेला पिवळा स्वेटर त्यांनी पडवीत, नुकत्याच आणलेल्या पिल्लाखाली, म्हणजे याच मोतीखाली, अंथरला.

इंदूकाकूंनी ते पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. स्वेटरासकट पिल्लू उचललं आणि भिंतीच्या अलीकडं आणलं. स्वेटर त्या पिल्लानं महिन्याभरात फाडून संपवला. अबोला मात्र टिकला.

पण दोन घरांचा एकच नळ, एकच देवघर, एकच शेत. बोलल्याशिवाय चालणार कसं? मग इंदूकाकू भिंतीजवळ उभ्या राहून कुत्र्याला सांगू लागल्या, "सांग तिकडं, उद्या घटाला माती लागंल." पलीकडून मंदाकाकू म्हणत, "सांग तुझ्या मालकिणीला, काढून ठेवलीय." कुत्रा दोन्हीकडं शेपूट हलवी आणि दोन्हीकडं जेवे. पुढं काकूंना त्या पद्धतीची अशी सवय लागली, की सगळ्या जगाशीच त्या तसं बोलू लागल्या. भाऊ-भाऊ मात्र रोज संध्याकाळी एका बाजेवर बसून तंबाखू मळत. एकदा हा वकील कुठल्याशा कुत्रीच्या मागं दोन दिवस गावाबाहेर होता. दोन्ही घरं चिडीचूप. माधवकाका मला म्हणाले, "कोर्टाला सुट्टी हाय, बाबा. लई बरं वाटायलंय."

तीन वर्षांपूर्वीच्या पौषात मात्र ते कोर्ट खरोखरच बंद पडलं.

त्या आठवड्यात थंडी अशी होती, की सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि त्याच थंडीत बाळ घरी आलं. आमच्याकडं बाळाच्या अंगाला आधी नवं कापड लावत नाहीत. जुनं, वापरून मऊ झालेलं लावतात. गल्लीतल्या प्रत्येक बाळाचा पहिला स्वेटर इंदूकाकूंनी असाच, कुणाचा तरी जुना उसवून त्या लोकरीचा विणला होता. त्यासाठी घरच्या बाईनं येऊन सांगायची रीत होती. मंदाकाकूंनी सांगायला हवं होतं. त्या आल्या नाहीत.

पहिल्या दिवशी इंदूकाकू सुया घेऊन ओट्यावर बसल्या. कुत्र्याला म्हणाल्या, "आमचं काय बी म्हणणं न्हाई. पण नायलॉन हाय ते. टोचतंय लेकराला. रडणं ऐकू येतंय." पलीकडं बाळाला सशाच्या कानांचा विकतचा गुलाबी सेट घातला होता. कुत्रा निरोप घेऊन उठला, भिंतीच्या तुटक्या कोपऱ्यातून पलीकडं गेला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

मंदाकाकू केरसुणी घेऊन बाहेर आल्या. "हाट! केसाळ कुठला! सव्वा महिना इकडं पाय टाकशील तर बघ!" कुत्रा कें कें करत परत आला. मंदाकाकूंनी त्या कोपऱ्यात फरशी लावून टाकली.

पुढचे दोन दिवस इंदूकाकू काहीच बोलल्या नाहीत, कुत्र्याशीही नाही. बाळ रडलं की सुया थांबत. रडं थांबलं की पुन्हा चालत. मी ओट्यावरून विचारलं, "काकू, बाळ बघून आलात का?"

कुत्र्याकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "बोलावलं न्हाई." कुत्रा आल्यापासून हे असं त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"तुमची नात आहे. तुम्हाला बोलावणं कशाला लागतं?"

"जाऊन काय म्हनू बे? इतक्या वर्सांनी?" माझ्यासारख्या वाढलेल्या बाप्यालाही त्यांनी 'बे' म्हटलं, इतक्या त्या चिडल्या होत्या. मग आवाज खाली आला. "पैला शब्द कोनता काढायचा, तेच सुचंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आरडाओरडा. माधवकाकांच्या अंगातला मरून रंगाचा स्वेटर काकू ओढून काढत होत्या. तो लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत विणलेला. घरातली सगळ्यात मऊ लोकर तीच.

"कावून काढायलीस? मरतो की मी थंडीनं!"

"गोधडी घ्या."

दुपारपर्यंत स्वेटर उसवला गेला. वेटोळं झालेली लोकर ऊन पाण्यात धुतली, दोरीवर टांगली आणि सरळ व्हावी म्हणून खाली दगड बांधला. तिसऱ्या प्रहरी लड वाळली. आता तिचा गुंडा करायचा. त्याला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही हातांत लड ताणून धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायचं. काकूंनी गोधडीतल्या माधवकाकांना पुढ्यात बसवलं. त्यांनी हात सैल सोडले, मग त्यांना शिंक आली, मग माशी बसली. लोकरीचा गुंता झाला.

"एवढं जमंना तुमाला?" काकूंचा आवाज फुटला. तेवढ्याशा गुंत्यासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि मान फिरवली.

भिंतीपलीकडं मंदाकाकू दुपटी वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मरून लोकर त्यांनीही ओळखली असणार. हातातलं दुपटं त्यांनी दोरीवर टाकलं, रस्त्यावरून वळसा घालून आल्या आणि माधवकाकांच्या शेजारी टेकल्या. भावजींच्या हातातली लड अलगद काढून स्वतःच्या हातांवर घेतली. माधवकाका उठले आणि माझ्या ओट्यावर येऊन बसले.

बराच वेळ दोघी नुसता गुंता सोडवत होत्या. वकील तिथंच उन्हात पडला होता. एकदा त्यानं डोकं वर केलं, कुणीच काही सांगत नाही म्हटल्यावर पुन्हा खाली ठेवलं.

धागा मोकळा झाला. काकू गुंडाळू लागल्या.

"मंदे," त्या म्हणाल्या, "हात जरा वर धर."

मंदाकाकूंनी हात वर धरले. थोड्या वेळानं, लोकरीकडंच बघत, काकूंनी विचारलं, "कुणावर गेलीय?"

"कुणावर जाईल? नाक आपल्या पल्लूचं. आन् झोपताना मूठ करती, तशीच."

"डाव्या हाताची?"

"डाव्याच."

काकूंनी मान हलवली, माप घेताना हलवत तशी. पल्लवी कुणाच्या कुशीत मूठ करून झोपे, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. लड संपली. गुंडा मुठीत धरून काकू तशाच बसून राहिल्या.

"चला की, बाई," मंदाकाकू म्हणाल्या. "वीत टाकून बघा तिच्या पाठीवर. तुमच्यासाठी उपडी करते."

"हातापायाला कुत्र्याचे केस हायेत."

"मंग धुवा."

दोघी रस्त्यावरून वळसा घालून गेल्या. मंदाकाकूंनी बाळाच्या न्हाणासाठी चुलीवर ठेवलेलं पातेलं आणलं. इंदूकाकू अंगणात नळापाशी उभ्या होत्या, लुगडं घोट्याच्या वर धरून, एखाद्या नव्या नवरीसारख्या अवघडलेल्या.

"जास्त ऊन हाय का बघा, बाई."

"घाल," इंदूकाकू म्हणाल्या, आणि पाय पुढं केले.